डीसीसी वायरिंग: सगळं सरळ, फक्त बलून लूप सोडून

मॉडेल रेल्वेचा एचओ (१:८७ मापाचा) लेआउट डीसीसीवर, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीवर, न्यायचं तर रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरपासून निघणारी जाड बस (मुख्य वायरींची जोडी) आणि तिच्यातून रुळांना जाणारे फीडर (बारीक वायरी). एवढं काम कोणालाही जमेल. माझं घोडं अडलं ते बलून लूपपाशी, म्हणजे रूळ वळसा घेऊन स्वतःलाच परत मिळतो तिथे. लूपच्या रुळांची जोडणी आपोआप उलटवणाऱ्या ऑटो-रिव्हर्सर मॉड्यूलबरोबर आलेल्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ होती: लूप वेगळा करा आणि दोन वायरी जोडा. त्या ओळीत जे लिहायला हवं होतं, ते इथे लिहितोय.

आधी बस. घरच्या फिटिंगची अडीच एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर उत्तम, लाल आणि काळी. दोन्ही वायरींना सैलसा पीळ द्यावा. फीडर अर्ध्या एमएमचे, फूटभरापेक्षा लांब नकोत, आणि साधारण दर ९० सेंटिमीटरला एक जोडी. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरच्या भरवशावर करंट सोडू नये. ते सैल होतात, काळे पडतात आणि गाडी मध्येच अडखळते. प्रत्येक फीडर सोल्डर केला की बूस्टर काढून मल्टिमीटरवर दोन रुळांमध्ये कंटिन्युइटी येत नाही ना, हे पाहावं. सगळं जोडून झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे फार सोपं.

आता लूप. रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळतो, म्हणजे डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. म्हणून लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे, एकूण चार गॅप. इंजिन गॅप ओलांडताना शॉर्ट होतो, मॉड्यूल तो ओळखून लूपची फेज (कोणता रूळ कोणत्या वायरीला, ते) उलटी करतं आणि गाडी न थांबता पुढे जाते. इंजिन कोणत्या दिशेला जायचं हे त्याच्या आतला, आदेश वाचणारा डिकोडर ठरवतो, त्यामुळे रुळाची फेज उलटली तरी त्याला फरक पडत नाही.

प्रत्यक्षात माझा बूस्टरच ट्रिप व्हायचा आणि सगळा लेआउट बंद पडायचा. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर यायला आठवडे लागले, आणि आलं ते 'मॉड्यूल बदलून देतो' एवढंच. मॉड्यूल ठणठणीत होतं. कारणं तीन निघाली.

पहिलं, शर्यत. मॉड्यूल बूस्टरच्या आधी ट्रिप व्हायला हवं. बूस्टर ५ अँपिअरचा असेल तर मॉड्यूलचा ट्रिप करंट ३ ते ४ वर ठेवावा. छोट्या स्टार्टर संचाचा बूस्टर जेमतेम २ अँपिअरचा असेल, तर मॉड्यूल त्याहून खाली उतरवता येतं का, हे विकत घेण्याआधीच विचारून घ्या.

दुसरं, रेझिस्टन्स, आणि याचा उल्लेख त्या कागदावर कुठेच नाही. रुळावर १५ व्होल्ट आणि ट्रिप ४ अँपिअरला, तर शॉर्टच्या संपूर्ण वाटेचा रेझिस्टन्स पावणेचार ओहमच्या आत हवा. बारीक वायर आणि दोन-चार गंजके जॉइनर मिळून तो सहज वाढतो. मग मॉड्यूलला शॉर्ट दिसतच नाही आणि वायर मात्र तापते. म्हणून मॉड्यूलपर्यंत आणि तिथून लूपपर्यंत अडीच एमएमच वायर, आणि लूपमध्ये निदान तीन जोड्या फीडर. शॉर्टपासून बचावासाठी बरेच जण बसमध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. युक्ती चांगली आहे, पण रिव्हर्सरच्या आधी तो बल्ब नको. तो करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवतो आणि मॉड्यूल गप्प बसतं.

तिसरं, लांबी. गॅपच्या आतला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा. एचओमध्ये भारतीय रेल्वेचा एलएचबी डबा सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे सात डबे आणि इंजिन मिळून सव्वादोन मीटर. इंजिन लूपमधून बाहेर पडायच्या गॅपवर असताना शेवटच्या डब्याचं धातूचं चाक आत शिरायच्या गॅपवर आलं, तर मॉड्यूल एका टोकासाठी फेज उलटवणार, दुसऱ्या टोकाला पुन्हा शॉर्ट, आणि शेवटी बूस्टर बंद. डब्यांत दिवे नसले तरी धातूची चाकं गॅप जोडतातच. २२ इंची त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ साडेतीन मीटर भरतं, तेव्हा जागा पुरते. गॅप लूप जिथे मुख्य रुळाला मिळतो त्या सांध्याच्या अगदी जवळ घेतले म्हणजे झालं.

गॅप कापल्या कापल्या त्यात प्लॅस्टिकची चकती फेव्हिक्विकने चिकटवून कानशीने रुळासारखी घासा. मेच्या उकाड्यात रूळ पसरतात, पावसाळ्यात प्लायवूड हलतं आणि उघडा गॅप मिटतो. सकाळी चालणारा लेआउट दुपारी शॉर्ट होत असेल, तर आधी हेच पाहा.

हे आधी सांगायला हवं होतं: जुन्या डीसी (साध्या, बिगर-डिजिटल) संचातली, रुळाला वीज जोडणारी पॉवर क्लिप काढून टाका. तिच्यात बहुतेकदा कपॅसिटर असतो आणि तो डीसीसीचा सिग्नल बिघडवतो. डीसी कंट्रोलर तर चुकूनही त्याच रुळांना जोडलेला राहू देऊ नका.

सगळं झाल्यावर एक रुपयाचं नाणं दर दोन फुटांवर दोन्ही रुळांवर आडवं ठेवून पाहा. प्रत्येक ठिकाणी ट्रिप झालंच पाहिजे, आणि लूपमध्येही. जिथे होत नाही, तिथे फीडर वाढवा. वायर, लग, टर्मिनल स्ट्रिप हे सगळं पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. बाहेरून मागवावं लागतं ते फक्त मॉड्यूल आणि डिकोडर. नव्या डिकोडरचा पत्ता (आदेश कोणत्या इंजिनाला, ते सांगणारा क्रमांक) ३ असतो, तो प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावरच बदला, नाहीतर मुख्य रुळावरची सगळी इंजिनं तोच पत्ता घेतील.