तिथीची पाऊणपट

आमच्या गावाच्या किनाऱ्यालगत सकाळ-संध्याकाळ फिरायला जाण्याची एक वाट आहे. ती पुळणीवरून सुरू होते, सुरूच्या बनातून खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर चढते आणि कांदळवनाला वळसा घालून देवळापाशी संपते. या वाटेवर आम्ही गावकऱ्यांनी गेली दोन वर्षे जानेवारी महिन्यात ५ किलोमीटरची शर्यत भरवली. पहिल्या वर्षीची शर्यत फसली आणि ती का फसली, हे समजायला आम्हांला एका निवृत्त तांडेलांची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची मदत घ्यावी लागली.

त्या वर्षी तारीख ठरली ती प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने. सकाळी पावणेसातला शिट्टी वाजली तेव्हा समुद्र सुरूच्या मुळांपर्यंत आलेला होता आणि पहिले २ किलोमीटर धावण्यासाठी उरली होती ती केवळ वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. मऊ वाळूत धावताना कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे १.६ पट ऊर्जा खर्च होते, हे मी नंतर वाचले. त्या दिवशी मात्र ते पोटऱ्यांनीच सांगितले. शिवाय पुळणीचा तो वरचा भाग उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली आणि दुसरा वर पडत होता. बांधावर पोहोचेपर्यंत निम्मे स्पर्धक चालू लागले होते आणि दोघांचे घोटे मुरगळले होते.

बक्षीस समारंभानंतर शेजारचे तांडेलकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तारीख धरताना पंचांग कुणी उघडलं होतं का रे? आज अष्टमी आहे." किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा हिशेब ठाऊक नसावा, याची मला खरोखर लाज वाटली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब किंचित कमी पडत असला, तरी होडी लोटायला आणि शर्यत सोडायला तो पुरतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट दिशेने विचार केला. पुळणीवर धावण्याच्या वेळी, म्हणजे सातच्या आसपास, पाणी सर्वांत दूर हवे. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. त्यातही पौर्णिमेनंतरच्या या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी भांगापेक्षा, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउतारापेक्षा, बरेच जास्त आत हटते आणि ओल्या, दाबून बसलेल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या वाळूवर पाऊल रुतत नाही. टाच जेमतेम उमटते. वद्य द्वितीयेला येणारा रविवार आम्ही धरला आणि पाहुण्यांना तो दिवस सोयीचा नाही असे कळल्यावर पाहुणेच बदलले.

अंतर मोजण्याची कथा वेगळीच. रस्त्यावरच्या शर्यतींचे अंतर सायकलच्या चाकाने मोजतात. आधी पोलादी फितीने मोजलेल्या ठरावीक अंतरावर चाकाचे फेरे तपासतात आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक मीटर जास्त धरतात. आमच्या ५ किलोमीटरला ते ५ मीटर. फेरे मोजणारे यंत्र आमच्याकडे नव्हते, म्हणून आरीला लाल चिंधी बांधून आम्ही दोघे वेगवेगळे मोजत गेलो. २६ इंची चाकाचे सुमारे २,४०० फेरे व्हायचे होते. आमच्या आकड्यांत सतरा फेऱ्यांचा, म्हणजे सुमारे ३५ मीटरचा फरक आला. तिसऱ्यांदा मोजायला निघालो, तर पुळणीवरची खडूची खूण पाण्याने नेलेली होती. तेव्हापासून आमच्या सगळ्या खुणा सुरूच्या बुंध्यांवर असतात.

बाकी व्यवस्था साधी होती: छातीवर कागदी क्रमांक, एक स्टॉपवॉच, वहीत वेळा लिहिणाऱ्या दोन मुली आणि बांधाच्या टोकाला मीठ घातलेले कोकम सरबत. ते पुरले नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, तो नुसता निथळतो आणि तहान मात्र वाढवतो, हे माहीत असूनही आम्ही एकच पिंप भरले होते. पुढच्या वेळी दोन भरणार आहोत.

काल तांडेलकाका पुढच्या वर्षीचे पंचांग घेऊन आमच्या पडवीत बसले होते. जानेवारीतल्या चार रविवारांपैकी दोन त्यांनी भांगाचे म्हणून खोडले, एकावर शाळेची परीक्षा निघाली. उरलेल्या रविवारी त्यांच्याच नातवाची मुंज आहे, आणि ती पुढे ढकलता येईल का, याची चौकशी ते आता घरात हळूच करत आहेत.