पन्हाळा ते पावनखिंड : अठरा किलोंचा पिट्टू आणि करपेवाडीपुढची वाट

करपेवाडीच्या पुढे ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद वाट आहे, असे ज्या वाटाड्याने आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते, त्याने ती वाट भर पावसाळ्यात कधी तुडवलेलीच नव्हती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीभर पाण्यात उभे राहिल्यावर कळले. गेलेल्या सोबत्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी मदत गोळा करायला आम्ही ओझे घेऊन ही वाट चाललो. आमच्या मागून अशाच एखाद्या कारणासाठी कोणी निघणार असेल, तर त्याची अशी फसगत होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या पलटणीतील एक हवालदार अठरा वर्षांच्या नोकरीनंतर, रजेवर घरी आलेला असताना, हृदयविकाराने गेला. सीमेवर धारातीर्थी पडलेल्या जवानाच्या घरच्यांना जे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते अशा मृत्यूला लागू होत नाही. नोकरीशी संबंध नसलेला मृत्यू म्हणून साधारण कुटुंब निवृत्तिवेतनच बसते. विम्याचे पैसे आले, ते घराच्या कर्जात गेले. थोरली मुलगी नर्सिंगला आहे आणि तिची पुढची दोन वर्षांची फी भरायची आहे. नियम चुकीचा आहे की बरोबर, हा वाद मी येथे घालत नाही; तो आमचा सोबती होता आणि त्याच्या मुलीचे शिक्षण थांबता कामा नये, एवढेच आम्हा बारा जणांचे म्हणणे होते. म्हणून त्याच्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक किलो, असा अठरा किलोंचा पिट्टू, म्हणजे फौजी पाठपिशवी, पाठीवर घेऊन पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत चालायचे आणि त्यासाठी लोकांकडे मदत मागायची, असे ठरले.

पैशाबद्दल आधी सांगतो, कारण चुका तेथेच जास्त होतात. नोकरीत असलेल्या जवानाला परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. त्यामुळे रजेवर आलेले तिघे जण आमच्याबरोबर फक्त चालले, वर्गणीचे सगळे काम आम्ही निवृत्तांनी केले, आणि गणवेश कोणीही घातला नाही. रक्कम आमच्यापैकी कोणाच्याही खात्यात न घेता थेट वहिनींच्या, म्हणजे त्याच्या पत्नीच्या, खात्यात घेतली, हे आमचे सर्वांत शहाणपणाचे काम ठरले. मात्र एका कुटुंबाला थेट दिलेल्या मदतीवर देणगीची आयकर सवलत (जिला लोक ८०जी म्हणतात ती) मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे होते. आम्ही ते सांगितले नाही, आणि नंतर पावत्या मागणाऱ्यांना तोंड देताना आम्हाला फार संकोच वाटला. ज्यांना सवलत हवीच आहे त्यांच्यासाठी नोंदणीकृत न्यासामार्फतच जावे लागते, आणि तेथेही २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीस पात्र ठरत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नमस्कार करून पहाटे निघालो, मसाई पठार धुक्यात ओलांडले, खोतवाडी आणि मांडलाईवाडीवरून संध्याकाळच्या आत करपेवाडीत पोचलो. पठारावर धुके दाट असेल तेव्हा शेवटच्या माणसाने शिट्टी जवळ ठेवावी, इतके पुरे.

खरी परीक्षा करपेवाडी सोडल्यावर सुरू होते आणि आंबेवाडी, पाटेवाडी मागे टाकून पांढरपाणी येईपर्यंत ती संपत नाही. जुलैच्या १२ आणि १३ तारखांच्या आसपास या वाटेवर ठिकठिकाणच्या मोहिमा असतात. हजारो पायांनी तुडवलेली लाल माती आणि त्यावर धो धो पाऊस, यामुळे वाट अशी उरतच नाही, गुडघ्याएवढा रबरबीत चिखल तेवढा राहतो. बाजूने जावे तर भातखाचरे लागतात, आणि नुकतीच लावणी झालेल्या खाचरात पाय घालणे म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे आहे, हे शेतकऱ्यांच्या घरातून फौजेत गेलेल्या आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. म्हणून आम्ही बांधावरून किंवा चिखलातूनच चाललो. चिखल जास्त होता तेथे ताशी दीड किलोमीटरपेक्षा जास्त वेग आम्हाला मिळाला नाही, आणि आम्ही सारे जण वर्षानुवर्षे रूट मार्च केलेले होतो. एकूण अंतर ४८ किलोमीटर असल्याचे आम्हाला सांगितले होते. माझ्या घड्याळाने ते ५६ दाखवले.

याच टप्प्यात आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. वहिनींनी आमच्याबरोबर आमच्या गेलेल्या हवालदाराचा स्वतःचा जुना पिट्टू दिला होता. झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या त्याच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे अजून वाचता येत होते, आणि आत फक्त त्याचे कांबळे होते. तो आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने छातीवर घेत होतो. छातीवर ओझे असले की माणसाला स्वतःची पावले दिसत नाहीत. आंबेवाडीपुढच्या ओढ्यात आमचा सर्वांत तरुण गडी शेवाळलेल्या दगडावरून घसरला, पाठीवरच्या अठरा किलोंनी त्याला मागे ओढले आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेले. दोघांनी पट्टे धरून त्याला बाहेर काढले. उठल्यावर त्याने पहिला प्रश्न ‘भाऊंचा पिट्टू भिजला का?’ असा विचारला. या वाटेवर छातीवर काहीही बांधू नका. ओढा ओलांडताना कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे वेळ आली तर ओझे टाकून देता येते. आणि दोराशिवाय येऊच नका.

वजनासाठी आम्ही तांदूळ घेतले होते, कारण वाळू वाहण्यापेक्षा शेवटी कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोचेल असे काही वाहावे, असा विचार होता. विचार चांगला होता, बांधणी वाईट होती. खताच्या पिशव्यांच्या शिवणीतून पाणी आत गेले, तांदूळ फुगले, आणि पांढरपाणीला खाली ठेवलेला माझा पिट्टू उचलताना दोघांचे हात लागले. अर्धा तांदूळ आंबल्यामुळे टाकून द्यावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्या, किंवा डाळतांदळाऐवजी पाण्याचे कॅन वाहा.

पावनखिंडीत उतरलो तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. कासारी नदीचे पाणी त्या अरुंद घळीतून घुमत वाहत होते, आणि १६६० साली याच अंतरानंतर, रात्रभर महाराजांची पालखी धावत आणल्यानंतर, बांदलांचे मावळे येथे थांबून लढले, हे मी शाळेपासून ऐकत आलो असलो तरी पाय सुजलेले असताना ते पहिल्यांदा अंगाने समजले. आम्ही रांगेत उभे राहून आमच्या हवालदाराचे नाव घेतले आणि पलटणीची घोषणा दिली. बाकी कोणी काही बोलले नाही.

परतीची जीप मात्र आधीच ठरवून, भाडे लिहून घेऊन मगच निघा. फोनवर ३,५०० रुपये कबूल केलेल्या चालकाने आम्ही चिखलाने माखलेले पाहून ‘गाडी धुवावी लागेल’ म्हणून ७,००० मागितले. अंधार पडत होता, दोघांना चालवत नव्हते, म्हणून दिले. ते आम्ही स्वतःच्या खिशातून दिले. वर्गणीतील एक रुपयाही प्रवासाला, जेवणाला किंवा टी-शर्टांना लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका. ओझे घेऊन जाणार असाल तर १२ तारखेच्या गर्दीच्या आधीच्या आठवड्यात जा, तीन दिवस ठेवा, आणि दुसरा मुक्काम आंबेवाडीत करा. दोन दिवसांत हे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जमा झालेल्या रकमेत पहिल्या वर्षाची फी पूर्ण बसली आणि ती थेट महाविद्यालयात भरली. दुसऱ्या वर्षाची राहिली आहे. त्याचा पिट्टू परत द्यायला गेलो तेव्हा वहिनींनी कांबळे तेवढे काढून घेतले आणि पिट्टू माझ्याकडे परत दिला. त्याचा उजवा पट्टा ओढ्यात उसवला आहे, तो शिवून घ्यायचा आहे.