नालीच्या तोंडाशी रंगलेला रविवार

आज सकाळी नागपुरातल्या आमच्या वस्तीत, मुलांनी पावसाळी नाल्यांच्या जाळ्यांभोवती काढलेल्या चित्रांचा छोटासा सोहळा झाला. मासे आणि कासवे होतीच, शिवाय नाग नदीची आठवण म्हणून एक लांबलचक नागही होता. जागा संपल्यामुळे त्याची शेपटी शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत पोहोचली. नालीत टाकलेली खर्र्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि पुढे प्राणहितेमार्गे गोदावरीला जाऊ शकते, हे पाचवीतील एका मुलीने खडूने नकाशा काढून समजावले, तेव्हा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दोन काकांनी हातातील पुड्या हळूच खिशात घातल्या.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहरात अनेकांच्या घरांत पाणी शिरले, तो दिवस आठवून मोठी माणसे काही वेळ गप्प होती. चित्रांनी नाल्या मोकळ्या होणार नाहीत, हे मलाही कळते. पण रंगवण्याआधी मुलांनी जाळ्यांवरचा कचरा काढला, तो तीन पोती भरला.

शेवटी तर्री-पोहे झाले. रंग वाळण्याआधीच एक कुत्रे कासवावरून चालत गेले आणि त्याची पावले तशीच ठेवावीत, असे मुलांनी एकमताने ठरवले.