‘रे’ कुठे येतो: तिसऱ्या महिन्याची नोंद

ठरवलेलं असं, की सात प्रेमकविता लिहायच्या, सात वेगळ्या माणसांच्या तोंडून, सगळी आमच्या वेंगुर्ल्याच्या आसपासची माणसं, आणि ‘प्रेम’ हा शब्द एकातही घ्यायचा नाही. तीन महिन्यांत चार झाल्यात. त्यातली मनापासून पटलेली एकच, म्हणून आज तिच्याबद्दलच जास्त लिहितोय.

हे सुरू करायचं कारण म्हणजे हल्ली फोनवर रोज ज्या प्रेमकविता वाचायला मिळतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘मी’ आणि ‘तू’ असतात, पण त्यांना वय नसतं, गाव नसतं, कामधंदा नसतो. पाऊस असतो, चंद्र असतो. माझ्या जुन्या कवितांतपण तेच होतं. बोलणारा माणूस कोण हेच कळलं नाही तर त्याचा जीव कुणावर आहे याने वाचणाऱ्याला काय फरक पडणार?

वाचन चालू आहे. सगळ्यात उपयोगी पडली ती गाथासप्तशती. हाल सातवाहनाने जमवलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, एकेक जेमतेम दोन ओळींची. आत बरेचदा कोण बोलतंय ते सांगितलेलंच नसतं, मग जुने टीकाकार सांगतात की ही नायिका सखीला म्हणतेय, किंवा बोलतेय एकाला पण ऐकवायचंय दुसऱ्यालाच. हे वाचल्यापासून मी प्रत्येक कवितेच्या वर वहीत चार गोष्टी लिहितो: कोण, कोणाला, कधी, आणि जवळ कोण आहे. चौथी सगळ्यात महत्त्वाची, कारण जवळ कोण आहे त्यावर माणसाची भाषा बदलते.

पुरुषाने बाईच्या तोंडून लिहावं का, हा प्रश्न मलाही पडलेला, पण ज्ञानेश्वरांच्या विराण्या आहेतच ना, तिथे बोलणारी विरहिणीच आहे. आणि आमच्या इथल्याच बागलांच्या राईत १९३० साली जन्मलेले चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या-नाटकं स्वतःच्या नावाने लिहायचे आणि कविता आरती प्रभू या नावाने. कवितेसाठी वेगळं नाव घेणं म्हणजे आवाज तिथूनच वेगळा धरणं, असं मला वाटतं, आणि याचा मला फार आधार वाटतो.

आता कविता नंबर चार. मी काजू फॅक्टरीत हिशोब बघतो. कटिंगला बसणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलाने काळे पडतात, कातडी सोलते, राख नाहीतर खोबरेल लावून बसतात तरी तो काळा रंग पटकन जात नाही. कवितेतली बाई त्यांच्यातलीच, पन्नाशीची, घरी आल्यावर नवऱ्याशी बोलतेय. पहिल्या खर्ड्यात ती म्हणत होती, ‘तुझ्यासाठी जळले हे हात’. आठ दिवस मला ती ओळ आवडत होती, मग एकदा मोठ्याने वाचली आणि लक्षात आलं की हे मी बोलतोय, ती नाही. खोडली. आता असं आहे:

पीठ तुमी मळलात,
भाकरी मी भाजलंय.
हाताचा काळा अजून जाईना,
शर्ट तुमीच काढा दांडीवरसून,
माझो हात लागूक नको.

सगळी निजली.
जेवलंस मां रे?

मधल्या सुट्टीत हे कटिंगच्या काकींना वाचून दाखवलं. आधी कोणी काही बोलेना. मग एक म्हणाली, ‘बाबू, वर तुमी तुमी आणि खाली रे? घोवाक कोण रे म्हणता?’ मला वाटलं चुकलं, पेन काढून खोडणार एवढ्यात सगळ्यात म्हाताऱ्या काकी मान खाली घालून हळूच म्हणाल्या, ‘म्हणतत. काळोखात म्हणतत.’ त्यावर कोणी हसलं नाही. दोघी-तिघी आपापल्या हाताकडे बघत राहिल्या आणि एकीने डबा बंद केला.

तो ‘रे’ तिथेच ठेवला. चारचौघांत ‘तुमी’ आणि सगळे झोपल्यावर ‘रे’, बाईने दुसरं काही सांगायची गरजच नाही. ‘सगळी निजली’ ही ओळ मात्र काकींमुळे आली, आधी तिथे फक्त एक मोकळी जागा होती आणि वाचणाऱ्याला वेळ कळत नव्हती. पीठ नवरा मळतो हेही आधी शेवटी होतं, ते वर नेलं, कारण शेवटी ठेवलं की ते मुद्दाम दाखवल्यासारखं वाटायचं, आणि घरात अशी गोष्ट कोणी दाखवत नाही, ती रोजचीच असते.

झालेल्या चारपैकी बाकीच्या तीन अजून कच्च्या आहेत. खलाशाची जमत नाही, तो सारखा समुद्राबद्दल बोलतो. खरा खलाशी डिझेलबद्दल बोलेल, १ जूनला मासेमारीची बंदी लागली की दोन महिने घरी बसून काय करायचं त्याबद्दल बोलेल, तर ती मी बंदीच्या काळातच नेऊन ठेवणार आहे. होडी शाकारलेली, तो घरात, आणि बायकोला सवय नाही तो दिवसभर घरात असण्याची.

पाचवी मुंबईच्या चाकरमान्याची, चतुर्थीला रजा मिळाली नाही म्हणून आईला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतोय. कोण, कोणाला, कधी लिहून झालंय. जवळ कोण आहे ते कालपासून ठरत नाहीये. खोलीवरचे मित्र असतील तर तो वेगळं बोलेल, लोकलच्या दारात उभा असेल तर वेगळं. आज रात्री दोन्ही लिहून बघतो.