पट बाजूला ठेवून खेळलेला डाव

शेरलॉक होम्सनं धावत्या आगगाडीत हाणामाऱ्या कराव्यात, हे भालबा केळकरांच्या अनुवादांवर वाढलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांच्या अजून पचनी पडत नाही. दिग्दर्शक गाय रिचीच्या ‘अ गेम ऑफ शॅडोज’ या होम्सपटाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, हा आपला होम्स नव्हे. मला मात्र २०११ सालचा हा दुसरा भाग पहिल्याहून जास्त आवडतो, आणि मारामारीसकट आवडतो.

मुळात कथांमधला होम्स नाजूक कधीच नव्हता. तो मुष्टियुद्ध खेळतो, लाठी-तलवार चालवतो. ‘स्पेकल्ड बँड’मध्ये डॉक्टर रॉयलॉट शेगडीची सळई वाकवून धमकी देऊन जातो, तर होम्स तीच सळई हातानं सरळ करतो. पण कट्टर शत्रू मोरिआर्टीशी झालेली सगळ्यात मोठी झुंज लेखक कॉनन डॉइल आपल्याला दाखवतच नाही. डिसेंबर १८९३ मध्ये ‘द फायनल प्रॉब्लेम’ छापून आली, तेव्हा होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसनला रायशेनबाख धबधब्यापाशी मिळाली ती फक्त होम्सची काठी, सिगारेटची चांदीची डबी आणि तिच्याखाली ठेवलेली चिठ्ठी. तिथं नेमकं काय झालं हे कळायला वाचकांना १९०३ उजाडावं लागलं, आणि तेही जिवंत परतलेल्या होम्सनं दोन-चार वाक्यांत उरकलं. रिचीचा सिनेमा त्या न दिसलेल्या क्षणांत शिरतो.

मी सांगलीत, बुद्धिबळाच्या प्रसारासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात, मुलांना बुद्धिबळ शिकवतो. त्यामुळे या सिनेमातली मारामारी मला वेगळी दिसते. पहिला ठोसा पडण्याआधी होम्स मनात सगळा क्रम लावतो: मी इथं मारणार, तो असा वळणार, मग त्याचा गुडघा उघडा पडणार. आम्ही यालाच चाली मोजणं म्हणतो. पहिल्या भागात समोरचे लोक नुसते मार खायला उभे असतात. दुसऱ्या भागात त्याला मोजणारा प्रतिस्पर्धी मिळतो.

शेवटचा प्रसंग स्वित्झर्लंडमधल्या शांतता परिषदेचा, साल १८९१. आत मेजवानी चालू आहे, वॉटसन आणि त्यांच्यासोबत आलेली जिप्सी बाई सिम्झा गर्दीत मारेकरी शोधताहेत. बाहेर धबधब्यावरच्या सज्जात, थंडीत, होम्स आणि प्रोफेसर मोरिआर्टी पटावर बसलेत. काही वेळानं दोघेही मोहऱ्यांना हात लावणं सोडून देतात आणि चाली नुसत्या तोंडानं बोलतात. बोलता बोलता होम्स सांगून टाकतो, की मोरिआर्टीच्या पैशाचा हिशेब असलेली लाल वही केव्हाच बदलली आहे आणि खरी लंडनला वॉटसनची बायको मेरी हिच्या हाती आहे. तिची सांकेतिक लिपी उलगडायची किल्ली कुठली, हेही त्यानं ओळखलंय. मोरिआर्टीच्या खोलीत घरगुती बागकामावरचं पुस्तक होतं, पण खिडकीतल्या कुंडीकडे कुणी बघतही नव्हतं. मग इतक्या काटेकोर माणसाला ते पुस्तक कशाला लागत होतं? हा अस्सल जुना होम्स आहे, तोफा आणि स्फोटांच्या मधोमध बसलेला.

हरलेला मोरिआर्टी मग वॉटसन आणि मेरीच्या जिवावर उठतो. होम्स नेहमीसारखा मोजायला लागतो, आणि त्याच्या मोजण्यात दुसरा आवाज शिरतो. मोरिआर्टी झालेल्या जॅरेड हॅरिसनं हा आवाज एवढा थंड लावलाय की प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा येतो. तू हे करशील, मग मी तुझ्या जखमी खांद्यावर जाईन. खांद्याची ती जखमही त्यानंच केलेली, हेलब्रॉनच्या कारखान्यात आकड्याला टांगून. दोघं मनातल्या मनात अख्खी झुंज खेळतात, खरा एकही ठोसा पडत नाही, आणि होम्सला कळतं की चालींच्या कुठल्याही फांदीनं गेलो तरी मी हरतोय. तेव्हा तो पाइपमधले निखारे मोरिआर्टीच्या तोंडावर फुंकतो, त्याला मिठी मारतो आणि त्याच्यासकट स्वतःला कठड्यावरून खाली झोकून देतो.

वर्गात हा प्रसंग दाखवला तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, त्यानं पटच उधळला की!” मी म्हटलं, नाही रे. पट उधळणारा डाव हरलेला असतो. होम्सनं पटावर मात दिली होती, पैसा तोडला होता, परिषद वाचवली होती. वॉटसनचा जीव वाचवायचा राहिला होता, त्याची किंमत त्यानं स्वतःचा राजा देऊन चुकवली. बुद्धिबळात ही चाल नाही, म्हणूनच मोरिआर्टीनं ती मोजली नव्हती.

कारखान्यातून सुटल्यावरच्या जंगलातल्या पळापळीचं एवढं कौतुक झालं. हाय-स्पीड कॅमेऱ्यानं टिपलेल्या झाडांच्या उडत्या ढलप्या छान दिसतात, पण त्यापलीकडे मला तिथं काही सापडत नाही.

राग आहे तो आयरीन अ‍ॅडलरच्या मरणाचा. कथेत खुद्द होम्सवर मात करणाऱ्या या बाईला इथं सुरुवातीलाच संपवलंय. मोरिआर्टी पेल्यावर चमचा वाजवतो, अख्खं रेस्टॉरंट उठून निघून जातं आणि ती विषारी चहासमोर एकटी उरते. प्रसंग म्हणून जबरदस्त, पण मोरिआर्टी किती भयंकर आहे हे दाखवायला तिचाच बळी का? मेरीलाही होम्स गाडीतून नदीत ढकलतो. तिचा जीव त्यामुळे वाचतो हे खरं, पण वही उलगडण्याच्या कामात ती पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडच्या बरोबरीनं दिसते, ते किती थोडा वेळ! तिसरा भाग कधी निघालाच, तर पहिली चाल मेरीला मिळावी.