अपलोडचा कॉलम

कॉल लागला आणि माझं "नमस्कार, मी आपली काय मदत करू" पूर्ण व्हायच्या आतच पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आधी मला शब्द द्या, 'तुमचाच वापर आहे' हे वाक्य तुम्ही बोलणार नाही." मी गप्पच झाले, कारण तेच वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी वायरलेस इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीच्या कस्टमर केअरला आहे, पाच वर्षं होऊन गेली. घरात सिम घातलेला राऊटर असतो, तो टॉवरवरून सिग्नल घेतो आणि घरभर वायफाय देतो, तसलं कनेक्शन. त्या दिवशी महिन्याची नऊ तारीख होती. साधारण तेव्हापासूनच आमच्याकडे डेटा संपल्याचे कॉल वाढायला लागतात, आणि महिनाअखेरीला तर दुसरं काही नसतंच. आमचं बोलणं ठरलेलं असतं, ग्राहकाचं ऐकून घ्यायचं, स्क्रीनवरचा वापराचा आकडा वाचून दाखवायचा, "सर, सिस्टीमप्रमाणे वापर झालेला आहे" म्हणायचं, टॉप-अप सुचवायचा, नको म्हणाले तर मोठा प्लॅन सुचवायचा आणि कॉल संपवायचा. सहा मिनिटांत. सहाच्या वर सरासरी गेली की आठवड्याच्या रिपोर्टमध्ये नाव लाल रंगात येतं.

ते बोलत होते तोवर मी त्यांच्या जुन्या तक्रारी उघडल्या. तीन महिन्यांत चार वेळा फोन केला होता त्यांनी. चारही तक्रारी बंद, चारहींवर एकच शेरा, "ग्राहकास वापर समजावून सांगितला." शंभर जीबीचा प्लॅन, दर महिन्याला नवव्या दिवशी संपतो, आधी दोन वर्षं महिनाभर पुरत होता. आणि चौघांपैकी एकाने तर त्यांना विचारलं होतं की घरात मुलं आहेत का, काय काय बघतात त्याच्यावर लक्ष ठेवा. त्यांच्या घरात मुलं नाहीतच. ते सांगताना त्यांचा आवाज चढला नाही उलट खाली गेला, आणि ओरडणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस मला जास्त जड जातो.

मग ते म्हणाले, "मी वही केलीय. वाचू का?"

खरं सांगते, मला नको होतं. चार मिनिटं होऊन गेली होती. पण म्हटलं वाचा. त्यांनी पहिल्या तारखेपासून रोज रात्री झोपताना घरातले दोन फोन आणि एक लॅपटॉप यांच्या सेटिंगमध्ये जाऊन दिवसभराचा वापर उतरवला होता आणि शेजारच्या रकान्यात आमच्या ॲपमधला आकडा. एक तारीख, घरातला दीड, तुमचा बारा पूर्णांक तीन. दोन तारीख, घरातला एक पूर्णांक सहा, तुमचा बारा पूर्णांक चार. तीन तारीख, त्या दिवशी ते बाहेरगावी होते, घरातला पाव जीबीसुद्धा नाही आणि तुमचा अकरा. पान उलटल्याचा आवाज मला हेडफोनमध्ये ऐकू आला.

मागच्या वेळी त्यांनी हाच फरक सांगितला तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी उत्तर दिलं होतं की फोनमधलं गणित वेगळं आणि कंपनीचं वेगळं, केबी, एमबी, जीबी या प्रत्येक पायरीला कुणी हजाराने मोजतं कुणी १०२४ ने. हे खरंच आहे, पण त्याने जीबीमागे साडेसात टक्केसुद्धा फरक पडत नाही, दीडाचे बारा कुठून होणार? म्हणजे त्या माणसाला खरी माहिती देऊन गप्प बसवलं होतं, आणि मला हे जास्त लागलं कारण तेच उत्तर मीही कितीतरी लोकांना देत आलेय.

पण तीन तारखेवर माझं लक्ष अडकलं. माणसाचा वापर रोज सारखा नसतो, रविवारी जास्त असतो, आजारी पडला की बदलतो, पाहुणे आले की वाढतो. त्यांच्या आणि आमच्या आकड्यातली तफावत मात्र रोज तेवढीच, पावणेअकराच्या आसपास, अगदी ते स्वतः घरात नसताना पण. हे माणूस वापरत नाहीये, हे मशीन वापरतंय, एवढं माझ्या डोक्यात आलं.

आमच्या स्क्रीनवर दिवसाचा एकूण आकडा मोठ्या अक्षरात दिसतो आणि त्याच्या शेजारी एक छोटा बाण असतो. तो दाबला की आत डाउनलोड वेगळं, अपलोड वेगळं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी. सहा मिनिटांच्या कॉलमध्ये तो बाण कुणी दाबत नाही, ट्रेनिंगमध्ये एकदा दाखवला होता तेवढाच. मी दाबला. डाउनलोडचा कॉलम कमी जास्त, रात्री जवळपास शून्य, जसा कुठल्याही घराचा असतो तसा. आणि अपलोडचा कॉलम वरपासून खालपर्यंत एकसारखा. रात्री दोन वाजता ११२ एमबी. पहाटे चारला ११३. दुपारी एकला ११२. मी कॅल्क्युलेटर काढला. एका बाइटचे आठ बिट, तेव्हा पंधरा मिनिटांत ११२ एमबी म्हणजे सेकंदाला साधारण एक मेगाबिट, आणि एक मेगाबिट चोवीस तास सलग चालू ठेवला की दिवसाचे होतात १०.८ जीबी. तेच त्यांच्या वहीतले पावणेअकरा!

मी विचारलं, "सर, घरात असं काही आहे का जे दिवसरात्र चालू असतं आणि इंटरनेटला जोडलेलं आहे?"

थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आईच्या खोलीतला कॅमेरा."

आई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा सांभाळायला एक बाई येतात, हे कामावर असतात, मधूनमधून फोनवर बघतात आई झोपलीय का, पाणी दिलंय का. "पण मॅडम मी दिवसातून पाच-सहा वेळा बघतो, दोन-दोन मिनिटं, तेही ऑफिसच्या वायफायवर. त्याने एवढा कसा जाईल?" यात त्यांची चूक काहीच नव्हती, बहुतेकांना असंच वाटतं की आपण बघतो तेव्हाच डेटा जातो. आणि वहीत कॅमेरा नव्हता कारण कॅमेऱ्याला स्वतःचा वापर दाखवणारा स्क्रीनच नसतो. मी विचारलं तीन महिन्यांपूर्वी कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये काही बदल केला होता का, तर म्हणाले अपडेट आलं होतं आणि कसलं तरी मोफत रेकॉर्डिंग चालू करा असं आलं, ते होय म्हटलं. झालं. तेव्हापासून तो कॅमेरा कुणी बघो न बघो, चोवीस तास त्या खोलीचा व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवत होता, अंधारातसुद्धा, आई झोपलेली असतानासुद्धा.

आणि वायरलेसच्या प्लॅनमध्ये चढवलेलं, म्हणजे अपलोड, पण मोजलं जातं. ग्राहकाला "वापर" म्हटलं की डाउनलोडच आठवतं. ॲपमध्ये आम्ही दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दाखवतो.

सगळ्यात वाईट पुढे आहे. शंभर जीबी संपले की आम्ही कनेक्शन बंद करत नाही, स्पीड १२८ केबीपीएसवर आणतो, जाहिरातीत त्याला अनलिमिटेड म्हणतो. कॅमेऱ्याला सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे हजार केबीपीएस लागतात, जवळजवळ आठपट. म्हणून नऊ तारखेनंतर चित्र अडकायचं. ते म्हणाले, "नऊ तारखेनंतर मला आई दिसत नाही हो. गोल गोल फिरत राहतं." मग ते टॉप-अप घ्यायचे, वीस जीबीचा, तो दीड-पावणेदोन दिवसांत संपायचा कारण टॉप-अप आला की कॅमेरा पुन्हा पूर्ण वेगाने चढवायला लागायचा. मग परत टॉप-अप. आई दिसावी म्हणून ते पैसे भरत होते, आणि चार वेळा फोन करूनही आमच्यातल्या कुणी तो बाण दाबला नव्हता.

आता दोन शब्द कंपनीच्या बाजूनेही, कारण मी रोज तिथेच बसते. डेटाला मर्यादा असणं हेच पाप आहे असं मला वाटत नाही. टॉवरच्या एका दिशेचा सगळा वेग तिथल्या सगळ्या घरांमध्ये वाटला जातो, हवेतल्या लहरी वाढवता येत नाहीत, संध्याकाळी सगळे एकदम बसले की सगळ्यांचंच रडतं. पण मग महिन्याचा आकडा काय सांगतो? पहाटे तीनला टॉवर रिकामा असतो तेव्हा चढवलेला एक जीबी आणि रात्री नऊला गर्दीत ओढलेला एक जीबी, दोन्ही वजाबाकीत सारखेच. गर्दीचं कारण सांगायचं आणि मोजायचं मात्र महिन्यावर, हे मला आजपर्यंत कुणी नीट पटवून दिलेलं नाही. आणि अनलिमिटेड हा शब्द तर काढूनच टाकायला पाहिजे. अमेरिकेत याच शब्दावरून २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने एटी अँड टी या मोबाइल कंपनीवर केस केली होती, अनलिमिटेड म्हणून विकायचं आणि ठराविक वापरानंतर स्पीड पाडायचा यासाठी, २०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर ती मिटली.

तर कॅमेरा. मी त्यांना फोनवरच ॲप उघडायला लावलं, सलग रेकॉर्डिंग बंद, हालचाल झाली तरच क्लिप चढवायची, बाकी सगळं कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर. कार्ड होतं त्यात, रिकामंच पडलेलं. ते करून झालं आणि ते म्हणाले, "आता मला कसं कळणार झालं का?" बरोबर होतं त्यांचं. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर कुठल्या उपकरणाने किती डेटा घेतला ते दिसतं, पण ते पान आमच्या कंपनीने ग्राहकांसाठी बंद ठेवलेलं आहे. म्हणजे मीटर आमचा, मीटरची काच पण झाकलेली, आणि वर ग्राहकाला म्हणायचं तुमचा वापर तुम्हीच बघा.

मी म्हटलं थांबा, पुढची नोंद पडेपर्यंत मी लाइनवर राहते. टॉप-अप मीच माझ्या कोट्यातून टाकला, चाचणीसाठी छोटा देता येतो, नाहीतर अडवलेल्या स्पीडवर काहीच कळलं नसतं. पंधरा मिनिटं. माझ्या मागे टीम लीड दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा बोटाने घड्याळ दाखवलं. ते गृहस्थ आईबद्दल थोडं बोलले, थोडा वेळ गप्प राहिले, मीही गप्प. स्क्रीन रिफ्रेश केली.

"सर, ११२ ची ३ एमबी झाली."

ते काही बोलले नाहीत. मग वहीत काहीतरी लिहिल्याचं ऐकू आलं, पेन घासल्यासारखं. मग म्हणाले, "ताई, हे पहिल्याच दिवशी झालं असतं ना."

कॉल ५२ मिनिटांचा झाला. मी तशीच टीम लीडकडे जाऊन तीन महिन्यांचे टॉप-अप परत करायची विनंती टाकायला सांगितली. तो म्हणाला कशासाठी, वापर तर त्यांच्याच घरातून झालाय, आपली चूक कुठे. त्याचं म्हणणं कागदावर शंभर टक्के बरोबर, आणि तेच मला सहन होईना. मी त्याला २०१८ ची कॅलिफोर्नियातली गोष्ट सांगितली. मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाचा मोठा वणवा लागला होता, सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची एक गाडी तिथे सगळ्या पथकांचा ताळमेळ ठेवत होती, आणि डेटाची मर्यादा ओलांडली म्हणून व्हेरायझन या मोबाइल कंपनीने तिचा स्पीड दोनशेव्या भागावर आणला. त्यांनी सपोर्टला कळवलं तर पलीकडून उत्तर, महागडा प्लॅन घ्या. नंतर कंपनीने मान्य केलं की आणीबाणीत मर्यादा उठवायला हवी होती, सपोर्टची चूक झाली. मी म्हटलं तिथेही समोरचा माणूस स्क्रीनवरचा आकडाच वाचत होता, आणि आकडा खरा होता.

तो म्हणाला कुठे आग आणि कुठे एक कॅमेरा. मी म्हटलं त्यांना आई दिसत नव्हती. त्यावर त्याने खुर्ची वळवली, पण विनंती वर पाठवली एवढं खरं. शेवटच्या महिन्याचे टॉप-अप परत मिळाले, आधीच्या दोन महिन्यांचे नाही, "वापर झालेला असल्याने". राऊटरचं पान ग्राहकाला उघडं करा म्हणून मी वेगळी मेल टाकली, तिचं उत्तर अजून आलेलं नाही, मी दर सोमवारी आठवण करते.

त्या दिवशी तक्रार बंद करताना कारण निवडावं लागतं, त्याशिवाय खिडकी बंदच होत नाही. यादीत सहा कारणं आहेत आणि डेटाच्या तक्रारीसाठी त्यातलं एकच चालतं, "ग्राहकाचा वापर". मी दोनदा यादी वर-खाली केली. मग तेच निवडलं, आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत, जिथे दोनशे अक्षरं बसतात आणि आम्ही सगळे ठरलेलं वाक्य चिकटवतो, तिथे लिहिलं, "आईच्या खोलीतला कॅमेरा. चार कॉलमध्ये कुणी बघितलं नाही. यांचा परत फोन आला तर वापर समजावून सांगू नका, आधी बाण दाबून अपलोडचा कॉलम बघा."