अर्ध्या मिलिमीटरचा वायसर

सलग दोन संध्याकाळी आमच्या पोर्चमध्ये पेट्रोलचा वास कोंडून राहिला होता. कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, नवं किट टाकलेलं, पॅकिंग नवी, डायफ्राम नवा, नीडल वॉल्व्ह नवा, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालत होती. एअर क्लीनर काढून टॉर्च आत मारला, तर इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, मधल्या नोझलच्या तोंडाशी पेट्रोलचा थेंब जमत होता, लोंबत होता आणि खाली पडत होता. सावकाश, एकामागून एक. मला त्या थेंबांचा फार राग आला. नोझलने पेट्रोल द्यायचं ते ॲक्सिलरेटर दाबल्यावर, हवेची ओढ वाढल्यावर. स्लोवर त्याने गप्प राहायचं असतं.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८५ सालची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एकच सोलेक्स कार्बोरेटर. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नवी घेतलेली. नाना जाऊन सहा वर्षं झाली. आई, म्हणजे सासूबाई, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत आणि दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात. जायचं ते याच गाडीतून. त्यांचे गुडघे दुखतात, आणि या गाडीचं पुढचं सलग सीट त्यांना बरोबर उंचीचं पडतं. नव्या गाडीत बसताना त्यांना आधी वाकावं लागतं, मग पाय उचलून आत घ्यावा लागतो. म्हणून पद्मिनी चालू ठेवणं ही आमच्या घरात हौसेची गोष्ट नाही.

यंदा उन्हाळ्यात गाडी त्रास द्यायला लागली. सांगलीतून निघाल्यावर अंकलीच्या पुलापर्यंत ठीक, मग जयसिंगपूरच्या गर्दीत गिअर बदलून ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर श्वास अडकल्यासारखं व्हायचं आणि मग झटका देऊन उचलायचं. स्लोवर तर बंदच पडायची. एका मिस्त्रींनी स्लोचा स्क्रू आवळून दिला, म्हणजे फक्त आवाज वाढवून दिला. शेवटी मी ठरवलं की कार्बोरेटर स्वतः खोलायचा. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दाब, द्रवाची पातळी, तरफ हे सगळं फळ्यावर वीस वर्षं काढलंय. ते एका मुठीएवढ्या धातूच्या ठोकळ्यात एकत्र बघायची संधी मला सोडायची नव्हती.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर या गाडीचे सुटे भाग मिळायला अडचण नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ओरिजिनल म्हणून जे दाखवतात त्यातलं निम्मं तसं नसतं. मी कोल्हापूरहून एक लोकल किट मागवलं. साडेसहाशे रुपये. पाकिटात झाकणाचं आणि बुडाचं पॅकिंग, ॲक्सिलरेटर पंपाचा (दाबल्यावर पेट्रोलची जादा चूळ सोडणाऱ्या पंपाचा) डायफ्राम म्हणजे पडदा, नीडल वॉल्व्ह, बारक्या स्प्रिंगा, फायबरचे आणि तांब्याचे वायसर. माहितीचा कागद नाही.

खोलायला वेळ लागत नाही. दोन नट, चोकची वायर, ॲक्सिलरेटरची दांडी, पेट्रोलचा पाइप. कार्बोरेटर हातात आला की झाकण काढायचं आणि मग मात्र घाई करायची नाही. आईंनी त्यांचा जुना मिसळणाचा डबा दिला. सात वाट्या. जेट म्हणजे नेमक्या मापाचं भोक असलेले पितळी तुकडे. मेन जेट एका वाटीत, पायलट जेट दुसरीत, एअर जेट आणि त्याखालची भोकाभोकांची नळी तिसरीत, पंपाचं सामान चौथीत, नीडल वॉल्व्ह पाचवीत. जिरं-मोहरीचा वास अजून डब्याला होता. आई शेजारी खुर्ची टाकून लसूण सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय गं, एवढ्याशा भोकातनं एवढी गाडी चालते?"

"हो आई. हे बघा, यावर १२० लिहिलंय. म्हणजे एक पूर्णांक वीस शतांश मिलिमीटरचं भोक."

त्यांनी जेट चिमटीत धरून ट्यूबलाइटकडे बघितलं. "सुईचं नेढं बरं यापेक्षा," म्हणाल्या आणि परत वाटीत ठेवला, ज्या वाटीतून घेतला होता त्याच वाटीत.

भोक इतकं नेमकं असतं म्हणूनच जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग कितीही ट्यूनिंग करा, मिश्रण जुळत नाही. मी क्लीनरचा फवारा मारला, सायकलच्या पंपाने हवा मारली आणि पायलट जेट तरीही मोकळा होईना तेव्हा केरसुणीची एक मऊ काडी वापरली. फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीच्या, टाकीच्या तळाशी पांढरट भुकटी बसली होती. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं, आणि गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहिली की या जुन्या मिश्रधातूला ते खातं. जुना पंपाचा डायफ्राम कडक होऊन कडेला चिरला होता. जयसिंगपूरचे झटके त्याचेच. नवा डायफ्राम मी थेट बसवला नाही. काचेच्या बाटलीत पेट्रोल घालून रात्रभर, गच्चीवर सावलीत, त्यात बुडवून ठेवला. सकाळी फुगला नव्हता, तेव्हाच लावला. लोकल किट वापरणार असाल तर एवढं नक्की करा.

झाकण आरशावर पालथं ठेवून बघितलं तर दोन्ही कानांपाशी वाकलेलं. इतक्या वर्षांत प्रत्येकाने स्क्रू जोर लावून आवळलेले. काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पसरून, आठाच्या आकारात, दीड तास घासून ते सपाट केलं. या कामात मला फार बरं वाटलं. दर पाच मिनिटांनी चमकणारा भाग थोडा वाढलेला दिसतो.

तर एवढं सगळं करून जोडलं आणि थेंब.

आधी नीडल वॉल्व्हवर संशय घेतला. काढला, सुई बोटाने दाबून धरली आणि फुंकर मारली. हवा जाईना. म्हणजे वॉल्व्ह नीट बसत होता. फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे नाहीत. भोक नाही. दुसऱ्या रात्री साडेदहाला सगळं परत ताटात घेऊन बसले तेव्हा मिसळणाच्या डब्यातल्या पाचव्या वाटीत नीडल वॉल्व्हखालचा जुना वायसर दिसला. त्याच्या शेजारी आत्ताच काढलेला किटमधला नवा ठेवला. नवा पातळ होता. डोळ्याला कळत होतं, पण किती ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजवर दोन्ही मोजले. जुना १.०२ मिलिमीटर. नवा ०.४९.

सोलेक्सची रचना अशी आहे की नीडल वॉल्व्ह झाकणात खालून वर स्क्रूसारखा बसतो आणि त्याची सुई खाली लोंबते. टाकीत पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो, सुईला वर ढकलतो आणि रस्ता बंद होतो. वॉल्व्ह झाकणात किती खोल जाईल हे मधला वायसर ठरवतो. काही कार्बोरेटरांत फ्लोटची पत्र्याची जीभ वाकवून पातळी जुळवतात. इथे तसं काही नाही, पातळी जुळवायचं साधन म्हणजे हा वायसर, बस. तो पातळ असला तर वॉल्व्ह वर सरकतो, त्याला गाठायला फ्लोटला जास्त उंच यावं लागतं, तितकं पेट्रोल जास्त भरतं. त्यात फ्लोट दांड्यावर असतो आणि सुई त्या दांड्याच्या टेकूजवळ टेकते, म्हणून वायसरमधला अर्धा मिलिमीटर पातळीत आणखी मोठा होऊन उतरतो. नोझलचं तोंड पेट्रोलच्या पातळीच्या जेमतेम वर असतं. पातळी तिथे पोचली की पेट्रोल आपोआप ओघळणारच.

तरफेचं हेच गणित मी दरवर्षी मुलांना घालते. किट बनवणाऱ्याने मात्र तो पाणी गळू नये म्हणून घालतात तसला साधा वायसर समजून हाताला आला तो पाकिटात टाकला होता. याचं मला खरंच वाईट वाटतं. हे किट ज्याच्या हाती पडेल तो कार्बोरेटर खराब झाला म्हणेल, गाडी खराब झाली म्हणेल, आणि एक चांगली गाडी भंगारात जाईल.

जुना वायसर दबून कडक झाला होता, पुन्हा वापरला असता तर झिरपला असता. मिरजेच्या एका लेथवाल्या काकांकडे तांब्याच्या पट्टीतून एक मिलिमीटरचे चार करून घेतले. गॅसवर लाल करून गार केले, म्हणजे तांबं मऊ होतं आणि नीट दबतं. एक बसवला. झाकण लावलं. टॉर्च मारून बघितलं. नोझल कोरडं. हाताने ॲक्सिलरेटरची दांडी ओढली तर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, सलग चूळ निघाली. मग एअर स्क्रू दीड फेरा उघडला, इंजिन तापू दिलं, आणि कान लावून थोडं आत, थोडं बाहेर करत जिथे आवाज सर्वांत गोल लागला तिथे सोडला.

पौर्णिमेला वाडीला गेलो. दर्शन, पादुकांपुढे आईंचं नेहमीचं लांबलेलं स्तोत्र, मग बासुंदी. पाऊण तासाने येऊन गाडीत बसलो. तापलेलं इंजिन चालू करताना गेले चार महिने मला घाम फुटायचा. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात लागली. आई म्हणाल्या, "वास नाही आला आज."

उरलेले तीन वायसर मिसळणाच्या डब्यात, पाचव्या वाटीत ठेवलेत. थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, शाफ्टला अजून थोडा खुळखुळाट आहे, तिथून हवा ओढते आणि कोणत्याही किटने ते जायचं नाही. गनमेटलचे बुश करायला काकांना सांगून आले आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते काम.